वडगावचे थोरात, मडिकेरीचे थिमय्या

वाळपईहून केरीमार्गे चोर्ला घाट चढला की बेळगावचा रस्ता लागतो. बेळगावला मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र असल्यामुळे आपल्या भागातील मुलांना भरतीचे आकर्षण असते. आई कन्नड, वडील मराठी अशा घरातील एका विद्यार्थ्याने मला विचारले, ''सर, साहेब एका भाषेचे आणि जवान दुसऱ्या भाषेचे असले, तर जवान ऐकतात का?'' त्याला मी दोन साहेबांची हकीकत सांगितली.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूरकडील वडगावचे. कोदंडेरा सुबय्या थिमय्या हे कोडगूतील मडिकेरीचे. त्यांची घरची भाषा कोडव. दोघांचाही जन्म १९०६ सालचा आणि दोघेही १९२६ साली इंग्लंडमधील सँडहर्स्टहून अधिकारी झाले. त्या काळी हिंदी माणसाला पलटणीचे नेतृत्व झेपेल, यावर अनेक इंग्रज अधिकाऱ्यांचा विश्वास नव्हता.

दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आराकान किनाऱ्यावर २५ व्या हिंदी डिव्हिजनची ५१ वी ब्रिगेड लढत होती. एरवी ब्रिगेडमध्ये बहुधा एक पलटण गोऱ्यांची असे. येथे तिन्ही पलटणी हिंदी होत्या आणि त्यांचे कमांडरही हिंदीच! दुसऱ्या पंजाब रेजिमेंटची दुसरी पलटण थोरातांकडे, १९ व्या हैदराबाद रेजिमेंटची आठवी थिमय्यांकडे आणि १० व्या बलुच रेजिमेंटची सोळावी एल. पी. सेन यांच्याकडे. ब्रिगेडियर हटन मात्र इंग्रज होते.

जानेवारी १९४५ मध्ये जपान्यांची माघारीची वाट कांगॉ येथे अडवायची होती. खारफुटीतल्या खाड्यांतून होड्यांनी जायचे, पुढे उघडी भातखाचरे ओलांडायची आणि वर टेकड्यांवर खंदकांत बसलेला शत्रू. ज्याने आपल्याकडचा खाडीकाठचा चिखल तुडवला आहे, त्याला ही चाल किती अवघड होती ते सांगायला नको. 'मेलरोज' असे सांकेतिक नाव दिलेल्या टेकडीसाठी ब्रिगेडला फार मोठी किंमत मोजावी लागली. अखेर २९ जानेवारीला थोरातांच्या पलटणीने संगिनी लावून ती घेतली. जपान्यांचे प्रतिहल्लेही परतवले गेले. या मोहिमेतील पराक्रमाबद्दल तिन्ही कमांडरांना 'डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस ऑर्डर' हे पदक मिळाले. 'झेपेल का?' या प्रश्नाला उत्तर मिळाले होते. पण ते कितीतरी जवानांच्या प्राणांच्या मोलाने.

आता त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. थोरातांचे जवान मराठी नव्हते. थिमय्यांच्या पलटणीचे नाव हैदराबादचे, पण तिच्यात भरणा उत्तरेकडील जवानांचा. याच रेजिमेंटचे नाव पुढे १९४५ मध्येच 'कुमाऊँ' झाले. म्हणजे दोघांनाही घरच्या भाषेत हुकूम देता आला नाही. ते जवानांची बोली शिकले आणि गोळीबारात त्यांच्याबरोबर राहिले.

दोघांची साथ पुढेही टिकली. १९५३-५४ मध्ये कोरियात युद्धकैद्यांचा प्रश्न सोडवणाऱ्या तटस्थ राष्ट्रांच्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या होते आणि कैद्यांची राखण करणाऱ्या भारतीय दलाचे प्रमुख थोरात. कैद्यांनी एका भारतीय अधिकाऱ्याला ओलीस धरले, तेव्हा थोरात स्वतः त्यांच्यात गेले आणि बोलून त्याला सोडवून आणले. पुढे थिमय्या सरसेनापती असताना थोरात पूर्व विभागाचे प्रमुख होते. ईशान्य सीमेचे रक्षण कसे करावे याचा आराखडा त्यांनी १९५९ मध्ये दिला आणि १९६० मध्ये लखनौला 'लाल किला' हा सराव घेऊन त्यातला धोका दाखवला. थिमय्यांनी तो विषय दिल्लीत मांडला. त्याकडे दुर्लक्ष झाले आणि १९६२ साली चीनने काय केले, ते आपण जाणतोच.

थिमय्या १९६५ मध्ये सायप्रसला संयुक्त राष्ट्रांच्या सेनेचे नेतृत्व करताना वारले; थोरात १९९२ मध्ये गेले. हे सारे ऐकून तो मुलगा एवढेच म्हणाला, ''म्हणजे आणखी एक भाषा शिकायची, इतकंच ना सर?'' दोन भाषांत वाढलेल्या मुलाला ते काही जड नाही.