जेसी रोब्रेदो : चपलेपलीकडचा महापौर

मॅगसेसे पुरस्कार म्हटलं की आपल्याला विनोबा, बाबा आमटे आठवतात. 2000 साली तो फिलिपिन्समधल्या नागा शहराचे महापौर जेसी रोब्रेदो यांना मिळाला. पायात साधी चप्पल आणि हातात फावडं घेऊन पुरानंतरचा चिखल उपसणारा महापौर, हीच त्यांची लोकप्रिय प्रतिमा. पण माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण साधेपणात नाही, स्वतःच्या अधिकाराला वेसण घालण्यात आहे. 1988 मध्ये एकोणतिसाव्या वर्षी ते निवडून आले, तेव्हा शहरांच्या सरकारी वर्गवारीत नागाचा दर्जा पहिल्या श्रेणीवरून तिसरीवर घसरला होता. काही वर्षांतच पहिला दर्जा परत मिळाला. 1995 च्या अध्यादेशाने नागरी संघटनांच्या परिषदेला पालिकेच्या निर्णयप्रक्रियेत हक्काचं स्थान मिळालं. कोणतं काम किती वेळात आणि कोणाकडे होईल, हेही नागरिकांना लेखी कळू लागलं.

कुणी म्हणेल, त्यांना राजकारणात आणलं ते वजनदार नातेवाइकानेच. खरंय, पण पुढे त्याच नातेवाइकाशी त्यांनी उघड फारकत घेतली. दुसरा आक्षेप असा की दोन लाखांच्या आसपास वस्तीच्या शहरात हे सोपं असतं. मग तितकीच लहान इतर शहरं का बदलत नाहीत? फरक आकाराचा नसून लोकांना दिलेल्या अधिकाराचा आहे. पुढे गृह व स्थानिक प्रशासन मंत्री असताना ऑगस्ट 2012 मध्ये विमान अपघातात ते गेले. नेता जातो, नियमात रुजवलेला हक्क मात्र सहजासहजी जात नाही.