‘वय झालं, सांधे धरणारच’

नागापूरच्या एमआयडीसीत पाळीभर यंत्रापुढे उभा राहणारा कामगार हे म्हणतो, आणि आसपासच्या शिवारात उकिडवं बसून कांदा खुरपणारी बाईही. वय हे कारण आहेच. पण सगळा दोष वयावर टाकला की बाकीची कारणं निसटतात, आणि त्यातली काही आपल्या हातातली असतात.

पुणे जिल्ह्यात, भिगवणला, १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा यांच्या पथकाने घरोघर जाऊन ४,०९२ प्रौढांची पाहणी केली. १८.२ टक्के लोकांना सांधे-स्नायूंची दुखणी निघाली. झिजेचा संधिवात सुमारे ५.८ टक्के लोकांना होता, आमवात ०.५५ टक्क्यांना.

ही दोन दुखणी वेगळी आहेत, म्हणून त्यांची कारणंही वेगळी. झिजेत हाडांच्या टोकांवरची कूर्चा विरळ होते. वर्षानुवर्षं उकिडवं बसणं, त्यात जड उचलणं, कबड्डीत किंवा अपघातात गुडघ्याला झालेली जुनी इजा, मांडीच्या स्नायूंचा अशक्तपणा, ही तिची वाट. बायकांना पाळी गेल्यानंतर धोका अधिक. आणि वजन! गुडघे झिजलेल्या स्थूल रुग्णांच्या अभ्यासात एक किलो वजन उतरलं की प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका झाला. पण चरबी म्हणजे नुसतं ओझं नव्हे. ती दाह वाढवणारी द्रव्यं रक्तात सोडते. स्थूल माणसाच्या हातांची बोटंही झिजतात, ती याचमुळे असावीत; बोटांवर काही शरीराचा भार नसतो.

आमवातात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्याच्या अस्तरावर उलटते. तो पुरुषांपेक्षा बायकांत दोन-तीन पट आढळतो, आनुवंशिकताही असते. टाळता येण्याजोग्या कारणांत विडी-सिगारेट सर्वांत पुढे. दुसरं कारण फारसं कुणी बोलत नाही : सिलिकाची धूळ. फाउंड्री, खडी क्रशर, दगडकाम इथे ती श्वासावाटे आत जाते. फुप्फुसातली धूळ आणि आमवात यांचं नातं वेल्समधल्या कोळसा खाणकामगारांत १९५३ सालीच नोंदलं गेलं. म्हणून धुळीच्या कामावर योग्य मास्क आणि धूळ खेचणारी यंत्रणा मागणं हा कामगाराचा हक्क आहे.

खुरपताना बुटकं स्टूल वापरा, मधूनमधून उठून उभे राहा. आणि सकाळी बोटं तासभर आखडत असतील, सांधे सुजत असतील, तर तेल चोळत महिने घालवू नका, संधिवाततज्ज्ञांना दाखवा. आमवातात पहिल्या काही महिन्यांतच उपचार सुरू झाले, तर सांधा वाकडा होण्यापासून बराच वाचतो.