हजेरी पूर्ण, काम अर्धे

ईद जवळ आली की शिंप्याच्या दुकानातील मशीन रात्री उशिरापर्यंत थांबत नाही. कुर्ते, शेरवान्या, मुलींचे ड्रेस... वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा याच दिवसांत हाती येतो. आणि नेमका तेव्हाच एखादा कारागीर दुपारी कपाळ दाबून बसतो. ट्यूबलाइटचा उजेड डोळ्यांना सोसत नाही, मशीनचा आवाज डोक्यात घणासारखा पडतो, मळमळते. शेजारचा म्हणतो, ‘‘रोजा लागला असेल.’’ मालकाला वाटते, कामाचा कंटाळा. अर्धशिशी कुणालाच दिसत नाही.

अर्धशिशी म्हणजे मायग्रेन. ही साधी डोकेदुखी नव्हे, मेंदूशी संबंधित आजार आहे. एकदा डोके उठले की चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत त्रास राहू शकतो. जगात साधारण सात जणांमागे एकाला तो होतो. स्त्रियांमध्ये त्याचे प्रमाण पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट आहे. त्याचा जोर असतो तो ऐन कमावत्या वयात.

म्हणूनच त्याची खरी किंमत औषधाच्या बिलात सापडत नाही. युरोपातील आठ देशांत झालेल्या एका पाहणीचे निष्कर्ष 2012 मध्ये प्रसिद्ध झाले. मायग्रेनमुळे होणाऱ्या खर्चात डॉक्टर आणि औषधांचा वाटा दहा टक्क्यांहूनही कमी निघाला. बाकी सारे नुकसान बुडालेल्या कामाचे होते. त्यातही रजेपेक्षा मोठा भाग होता कामावर हजर राहूनही हात न चालल्याचा.

पगारी नोकरीत हे नुकसान कंपनीच्या खात्यात जाते. नगावर मजुरी घेणाऱ्याच्या ते थेट खिशातून जाते. समजा, दिवसाला 600 रुपये सुटतात. महिन्यात दोन दिवस पूर्ण बुडाले आणि चार दिवस निम्मेच काम झाले, तर 2,400 रुपये गेले. घरातल्या मुलांचे ईदचे कपडे त्यातच आले असते. दोन दिवसांचा खाडा सगळ्यांना दिसतो. चार अर्धे दिवस कुणी मोजत नाही.

उपवास, पाणी कमी पडणे, अपुरी झोप आणि रोजचा चहा अचानक बंद होणे, या चारही गोष्टींनी अर्धशिशी उठू शकते. रमजानमध्ये त्या एकदमच येतात. एकादशी किंवा नवरात्राचा कडक उपवास करणाऱ्यांनाही हा अनुभव नवा नाही.

उपाय आधीपासून करावा लागतो. रमजानपूर्वीच डॉक्टरांना भेटून औषधाच्या वेळा सहरी आणि इफ्तारशी जुळवून घ्याव्यात. चहा आधीच्या पंधरवड्यात हळूहळू कमी करावा. सहरी चुकवू नये. इफ्तारनंतर पाणी थोडे थोडे, पण पुरेसे प्यावे. मनाने रोज वेदनाशामक गोळ्या घेऊ नयेत. महिन्यात पंधरा किंवा जास्त दिवस घेतल्यास त्या गोळ्यांमुळेच डोकेदुखी जडू शकते. डोकेदुखी अचानक, कधी नव्हे इतकी तीव्र झाली किंवा हात-पाय लुळे पडू लागले, तर लगेच दवाखाना गाठावा. आजाऱ्याला रोजा सोडून तो नंतर पुरा करण्याची मुभा धर्मानेच दिली आहे. ती घेणाऱ्याला कमी लेखू नये.

मालकालाही फार खर्च नाही. बारीक काम सकाळी द्यावे, डोक्यावरचा झगझगीत दिवा थोडा बाजूला घ्यावा, अर्धा तास अंधाऱ्या, शांत जागी पडू द्यावे. वेळेवर मिळालेली अर्ध्या तासाची विश्रांती पुढचा अर्धा दिवस वाचवू शकते.

आणि कारागिराने कॅलेंडरवर खूण करावी: कोणत्या दिवशी डोके उठले, किती काम बुडाले. तीन महिन्यांच्या या खुणा डॉक्टरांना उपचार ठरवायला उपयोगी पडतात. मालकासमोर ठेवल्या, तर कामचुकारपणाचा आरोपही कदाचित गळून पडेल.