नकाशात दार कुठे आहे?

उभ्या माणसाचं तोंड कुठल्या दिशेला आहे, हे जीपीएसला कळत नाही. उपग्रहांवरून कळते ती फक्त जागा. माणूस चालू लागला, इथून तिथे गेला, की मग त्या दोन जागांवरून यंत्र अंदाज बांधतं: हा अमुक दिशेला निघाला. म्हणून अलका टॉकीजच्या चौकात बसमधून उतरल्यावर ताई फोनला काही विचारण्याआधी थोडं चालून घेतात. फूटपाथच्या कडेला काठी लावायची आणि कडा नेईल तिकडे जायचं. थोड्या वेळाने फोन बोलतो. बाजू बरोबर असेल तर तसंच पुढे, नसेल तर माघारी. फोनमध्ये होकायंत्रही असतं, पण जवळपास लोखंड आलं की ते बहकतं, आणि पुण्यात फूटपाथवर लोखंड कुठे नसतं? लावलेल्या मोटरसायकली, पत्र्याच्या टपऱ्या, कठडे, विजेच्या पेट्या. ‘चालून कळलेली दिशा खरी,’ ताई म्हणतात.

ताई बँकेत नोकरी करतात. रेटिनायटिस पिगमेंटोसामुळे कॉलेजच्या वर्षांत त्यांची नजर कडेकडून आक्रसत गेली. आता उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं. बोलणाऱ्या नकाशावर अंध माणूस नेमका कसा चालतो ते मला बघायचं होतं. त्यांनी होकार दिला आणि अटी घातल्या. मी दोन पावलं मागे राहायचं. हात धरायचा नाही. गाडी अगदी अंगावर येत असेल तरच बोलायचं.

त्यांचा सरंजाम थोडका आहे. घडीची पांढरी काठी, गळ्यातल्या पट्ट्याला अडकवलेला फोन, आणि कानात न जाता कानापुढच्या हाडावर टेकणारा हेडफोन. त्यातून आवाज हाडाच्या कंपनाने आत पोचतो आणि कान मोकळे राहतात. ही चैन नाही. समोरची रिक्षा वळते आहे की सरळ जाते आहे, भिंत संपून गल्लीचं तोंड कुठे आलं, आपल्या बाजूची वाहतूक सुटली की थांबली, हे सगळं कानांनीच ठरवायचं असतं. कानात बोळे घालून रस्ता ऐकायला निघणं त्यांच्या दृष्टीने अशक्य आहे.

पत्ता तोंडी सांगायचा. बटण दाबून ताई म्हणाल्या, ‘टिळक स्मारक मंदिर.’ बसचा हॉर्न त्यात मिसळला आणि फोनने भलतंच काही ऐकलं. त्या दोन पावलं सरकून एका बंद शटरच्या आडोशाला गेल्या, फोन ओठांशी धरला, पुन्हा सांगितलं. या वेळी जमलं. आवाजावर चालणाऱ्या यंत्राची पहिली परीक्षा ही अशी गोंगाटात होते. दुसरी परीक्षा उच्चारांची: इंग्रजी बोलणारा आवाज पेठांची आणि गणपतींची नावं अशी काही मोडून सांगतो की ज्याने ती आधी ऐकलेली नाहीत त्याला काही बोध होऊ नये. ताईंनी तो आवाज पाठ केलेला आहे.

मग टिळक रोड. इथे मला पहिल्यांदा कामाची वाटणी नीट दिसली. काठीला एका पावलापुढचं कळत नाही, फोनला त्या एका पावलाचं काहीच कळत नाही. मधलं सगळं कान, नाक आणि तळपाय सांभाळतात. ‘दोनशे मीटर सरळ जा,’ असं फोन म्हणतो तेव्हा त्या दोनशे मीटरांत उखडलेल्या फरशा असतात, झाडाचा पार असतो, फूटपाथवर चढवलेल्या दुचाकी असतात. दुचाकीचं चाक काठीला लागतं, हँडल मात्र लागत नाही. ते थेट बरगडीत बसतं. दुकानाच्या बाहेर आलेल्या पाटीचंही तसंच, ती कपाळाच्या उंचीवर असते. दिल्लीच्या आयआयटीत तयार होऊन २०१४मध्ये आलेल्या ‘स्मार्टकेन’ने याच दुखण्यावर उपाय काढला. काठीच्या मुठीवर बसवलेलं ते यंत्र अल्ट्रासाउंड लहरींनी गुडघ्यापासून डोक्यापर्यंतचा अडथळा ओळखतं आणि मूठ थरथरते. कुठलाही नकाशा ते करू शकणार नाही.

पिवळ्या, उंचवट्यांच्या फरशा मध्येच पायाखाली लागतात. सेइची मियाके या जपानी संशोधकाची ही कल्पना. १९६७मध्ये ओकायामा शहरात त्या पहिल्यांदा रस्त्यावर बसवल्या गेल्या. सरळ रेषा म्हणजे चला, गोल ठिपके म्हणजे थांबा. आम्ही चाललो त्या फूटपाथवर ती पिवळी रेघ छान चालू झाली आणि एका विजेच्या पेटीला जाऊन भिडली. ताईंनी काठीने पेटी चाचपली, वळसा घातला. मी अटीप्रमाणे गप्प राहिलो, पण राग आला, आणि अजून आहे. फरशी बसवणाऱ्याला ती कशासाठी आहे हे कुणी सांगितलंच नसणार.

फोन बराच वेळ काही बोलला नाही की ताईंची चाल मंदावते. डोळस माणूस पडद्यावरचा निळा ठिपका सरकताना बघून निश्चिंत असतो. ऐकणाऱ्याला शांततेचा अर्थ लावावा लागतो. सगळं ठीक आहे म्हणून गप्प आहे, की यंत्र अडकलं? २०१९मध्ये गूगल मॅप्सने पायी चालणाऱ्यांसाठी सविस्तर आवाजी सूचना आणल्या, तेव्हा त्यांतलं मोलाचं काम हेच होतं: तुम्ही योग्य रस्त्यावर आहात, पुढचं वळण इतकं लांब आहे, हे मधूनमधून सांगत राहणं. सुरुवातीला ती सोय अमेरिकेतल्या इंग्रजीत आणि जपानमध्ये जपानीत होती.

सदाशिव पेठेत आत शिरलो आणि फोन गोंधळला. आम्ही एका गल्लीत, तो म्हणतो शेजारच्या. याचं कारण वर आकाशात आणि बाजूच्या भिंतींत आहे. जीपीएसचे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटरवर फिरतात. त्यांचा संदेश किती वेळात पोचला यावरून फोन अंतर काढतो, आणि अशी किमान चार अंतरं मिळाली की जागा ठरते. रेडिओलहर एका सेकंदाच्या अब्जांशात साधारण ३० सेंटिमीटर जाते. उंच इमारतीवर आपटून, वळसा घेऊन आलेला संदेश थोडा उशिरा पोचतो आणि फोनला उपग्रह आहे त्याहून लांब वाटतो. मोकळ्या आकाशाखाली साधा फोन पाचेक मीटरपर्यंत अचूक असतो. गल्लीत ती अचूकता राहत नाही. गाडीवाल्याला पाच मीटरने काही बिघडत नाही. चालणाऱ्या अंध माणसाला पाच मीटर म्हणजे रस्त्याची ही बाजू की ती बाजू, आणि मध्ये वाहती रहदारी.

तरीही ही अचूकता किती नवी आहे ते आठवावं. अमेरिकी सरकार नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत हुकायची. मे २०००मध्ये ही भेसळ बंद झाली. अंधांसाठी जीपीएस वापरावं हा विचार मात्र त्याआधीचा, १९८०च्या दशकातला. कॅलिफोर्नियात सांता बार्बराच्या विद्यापीठात जॅक लूमिस आणि रॉबर्टा क्लॅट्झ्की या मानसशास्त्रज्ञांबरोबर रेजिनाल्ड गॉलेज हे भूगोलाचे प्राध्यापक यावर काम करत होते. माणसं मनात शहराचा नकाशा कसा बांधतात हा गॉलेज यांच्या अभ्यासाचा विषय, आणि ऐन कारकिर्दीत त्यांची स्वतःची दृष्टी गेली. संगणक, अँटेना, बॅटऱ्या असं सगळं पाठीवरच्या पिशवीत घालून ते चालून बघायचे. त्या यंत्रात एक सुंदर कल्पना होती: जी जागा जिथे आहे तिथूनच तिचा आवाज यावा. ‘डावीकडे वळा’ असं सांगण्याऐवजी वाचनालयाने वाचनालयाच्या दिशेने हाक मारावी.

पुढची वाटही बऱ्याच अंशी अंध माणसांनीच काढली. लहानपणी दृष्टी गमावलेल्या मायकेल मे यांनी सेंडेरो ही कंपनी काढून ब्रेल टिपणयंत्रावर जीपीएस आणलं. कॅनडातून ‘ट्रेकर’ आला, मग आटोपशीर ‘ट्रेकर ब्रीझ’. त्यात एकदा कुणाबरोबर चाललेला रस्ता साठवता यायचा आणि वाटेतल्या खुणा आपल्याच आवाजात नोंदता यायच्या. फ्रान्सच्या ‘काप्तेन’ या मुठीएवढ्या यंत्राशी तर बोलूनच व्यवहार चाले. नोकियाच्या फोनवर चालणारं ‘लोडस्टोन’ अंध प्रोग्रामरांनी लिहून फुकट दिलं, आणि आपल्या नोंदी एकमेकांना देण्याची सोय केली. गॉलेज यांच्या हाकेची कल्पना २०१८मध्ये मायक्रोसॉफ्टच्या ‘साउंडस्केप’मध्ये नव्याने उतरली. तुम्ही निवडलेल्या ठिकाणावरून ठोक्यांसारखा आवाज येत राहायचा, मान वळवली तरी तो जागेवरच असायचा. २०२३मध्ये कंपनीने ते ॲप मागे घेतलं. त्याची सांकेतिका (सोर्स कोड) मात्र खुली केली होती, म्हणून इतरांनी त्यावरून नवी ॲप उभी केली. एखाद्याचं चालणं ज्यावर बेतलेलं आहे ती वस्तू एका निर्णयाने बंद होऊ शकते, ही गोष्ट मला साधी वाटत नाही. सांकेतिका खुली ठेवणं हा अशा साधनांच्या बाबतीत नियमच असायला हवा.

आता रिक्षा. या यंत्रांची वर्णनं चालण्याभोवती फिरतात, पण ताईंच्या रोजच्या आयुष्यात सगळ्यात मोठा फरक रिक्षात आणि बसमध्ये पडला आहे. आधी रिक्षात बसलं की ताबा संपायचा. वळणं मोजायची, पुलावर चढल्याचा अंदाज घ्यायचा, आणि चालक नेईल तिथे उतरायचं. आता फोन आजूबाजूच्या रस्त्यांची नावं हळू आवाजात सांगत असतो. आमच्या रिक्षाने एक वळण सोडलं. ताई लगेच म्हणाल्या, ‘दादा, नेहमी आपण इथून आत जातो ना?’ चालकाने आरशात बघितलं. ‘पुढे खोदलंय ताई, म्हणून वरून घेतलं.’ ‘बरं, चालेल.’ एवढाच संवाद. त्याचं कारण खरं होतं, ताईंनी ते मान्य केलं, आणि दोघंही बरोबरीने बोलले.

बसमध्येही तेच. थांबा जवळ आला की त्या स्वतःच उठून दाराशी जातात. ‘कुठे उतरायचंय, सांगतो हं मी,’ असं म्हणणारे भले लोक बसमध्ये नेहमी असतात. कधी त्यांचाच थांबा आधी येतो, कधी ते विसरतात. ताईंना मदतीचं वावडं नाही. प्रत्येक गोष्टीसाठी मदत लागावी याचं आहे. बस पकडताना मात्र अजून विचारावंच लागतं, कारण समोर येऊन थांबलेल्या बसचा नंबर फोनला दिसत नाही. दिल्ली आयआयटीच्याच ‘ऑनबोर्ड’मध्ये हातातलं बटण दाबलं की बसच दाराजवळच्या स्पीकरमधून आपला नंबर सांगते. मुंबईत बेस्टच्या काही बसवर त्याची चाचणी झाली. थांब्यावर उभ्या असलेल्या ताईंना त्याची किती गरज आहे, हे मी पाहिलं: एकामागोमाग एक बस येतात, पुढची निघून जाते, मागची थांब्यापर्यंत येतच नाही, आणि विचारायला शेजारी कुणी असेलच असं नाही.

आणि शेवटी दार. ‘तुम्ही पोचला आहात,’ असं फोन म्हणतो आणि गप्प होतो. ताई त्या वेळी एका कंपाउंडच्या भिंतीपाशी उभ्या असतात. नकाशात इमारत म्हणजे एक टिंब असतं, बहुधा छताच्या मधोमध. तिथून सगळ्यात जवळचा रस्ता कुठला, तिथवर यंत्र आणून सोडतं. फाटक दुसऱ्या बाजूच्या बोळात असेल, पायऱ्या तीन असतील, उतार उजवीकडे असेल, यातलं टिंबाला काही ठाऊक नाही. डोळस माणूस हे शेवटचे वीस मीटर मान वर करून उरकतो, म्हणून नकाशा करणाऱ्यांना ते अंतर कधी अंतर वाटलंच नाही. एका दवाखान्याबाहेर ताईंनी भिंतीला काठी लावून दोन्ही बाजूंना चालून पाहिलं, औषधांचा वास आणि चपला काढल्याचे आवाज येतात का ते ऐकलं. फाटक मिळालं. जितका वेळ बसथांब्यापासून इथवर यायला लागला, जवळजवळ तितकाच भिंत ते फाटक यात गेला.

संध्याकाळी आम्ही त्यांच्या घरी नकाशा दुरुस्त करायला बसलो. ओपनस्ट्रीटमॅप हा २००४पासून लोकांनीच भरत नेलेला नकाशा आहे. अंधांची काही ॲप त्यावरच चालतात, आणि त्यात इमारतीचं प्रवेशद्वार, पायऱ्या, पिवळ्या फरशा, रस्ता ओलांडण्याची जागा यांच्यासाठी वेगळ्या नोंदी करता येतात. ताई सांगत होत्या, मी पडद्यावर जागा धरून भरत होतो. दवाखान्याचं फाटक बोळाच्या बाजूला. बँकेच्या दाराशी तीन पायऱ्या, कठडा डावीकडे. वाचनालयाचा खरा दरवाजा मागे, पुढचा कायम कुलूपबंद.

एका नोंदीवरून वाद झाला. कोपऱ्यावर सकाळी चहाची टपरी लागते. स्टोव्हचा आवाज आणि आल्याचा वास यांवरून ताईंना तिथलं वळण कळतं. त्यांचं म्हणणं, तीही घाला. मी म्हणालो, टपरी दुपारी नसते, उद्या हललीही असेल, सगळ्यांच्या नकाशात ती कशी घालणार? बराच काथ्याकूट करून तोडगा निघाला. फाटकं आणि पायऱ्या सार्वजनिक नकाशात गेल्या. टपरी ताईंनी त्यांच्या फोनमधल्या स्वतःच्या खुणांच्या यादीत घातली, आवाजात नोंदवून: ‘चहा, सकाळी अकरापर्यंतच, इथून डावीकडे.’