‘कसं वाटलं?’ असं विचारू नका

आजचा भाग तंजावूरहून. मी राजवाड्याच्या आवारात बसलोय, सरस्वती महाल ग्रंथालयापासून चार पावलांवर. माझ्या मांडीवर एक वही आहे. आज बोलायचंय ते या वहीबद्दल.

पाच विद्यार्थी इथे एक माहितीपट करतायत. विषय आहे तंजावरी मराठी. 1670 च्या दशकात व्यंकोजी राजांनी इथे गादी स्थापली, 1855 मध्ये इंग्रजांनी राज्य खालसा केलं. पण त्या काळात इथे आलेल्या घरांमधून मराठी अजून बोलली जाते. या मुलांनी सिनेमाची पहिली दोन मिनिटं दहा सेकंद तयार केली, आणि पुढचं चित्रीकरण करण्याआधी ती लोकांना दाखवायची असं ठरवलं. शहाणपणाचा निर्णय. कारण सुरुवातीत प्रेक्षक मनाशी ठरवून टाकतो की हा सिनेमा कशाबद्दल आहे, आणि एकदा ठरवलं की पुढची वीस मिनिटं तो तेच शोधत बसतो.

पहिल्या दिवशी त्यांनी अकरा जणांना लॅपटॉपवर ती सुरुवात दाखवली आणि विचारलं, ‘कसं वाटलं?’ अकराच्या अकरा जण म्हणाले, ‘छान.’ एक काका म्हणाले, ‘फारच छान.’ मुलं खूश. मी विचारलं, आता काय बदलणार? कोणाकडेच उत्तर नव्हतं.

लोक खोटं बोलत नाहीत हो. समोर पोरगं उभं आहे, उन्हात राबलंय, चहा त्यानेच पाजलाय. ‘छान’ हा त्या चहाचा परतावा आहे. त्याच्यावरून सिनेमाबद्दल काहीच कळत नाही. मुलांनी मित्रांना लिंकही पाठवली होती. तिथे पाचपैकी पाच तारे मिळाले. नंतर कळलं की निम्म्या मित्रांनी बसमध्ये, आवाज बंद करून पाहिलं होतं. आणि या सुरुवातीतली अर्धी गोष्ट आवाजात आहे!

मग आम्ही पद्धत बदलली. ती सांगतो, पण नियम म्हणून पाठ करू नका, त्यामागचं कारण लक्षात ठेवा.

आधी पाहायचं, मग विचारायचं. एका मुलीने पडद्याकडे पाठ करून बसायचं आणि प्रेक्षकांचे चेहरे पाहायचे. कोण कधी मोबाइल काढतं, कोण शेजाऱ्याकडे वळतं, कुठे हसू येतं, ते सेकंदासकट वहीत लिहायचं. ‘0.48, दोघे खाली पाहतात.’ हे माणसाच्या तोंडून कधीच येत नाही, कारण आपण कंटाळलो होतो हे त्यालाही आठवत नाही.

दुसरं, प्रश्न मताचे नकोत. ‘संगीत जास्त मोठं आहे का?’ असं विचारलंत तर समोरचा म्हणणार, ‘हो, जरा मोठं आहे.’ तुम्हीच त्याला उत्तर दिलंत. त्याऐवजी तीनच प्रश्न: काय काय दिसलं? हा सिनेमा कशाबद्दल असेल? आता पुढे काय होईल? यांत चुकीचं उत्तर नाही, म्हणून माणूस मोकळा बोलतो. आणि आधी प्रत्येकाने कागदावर दोन ओळी लिहायच्या, गप्पा नंतर. नाहीतर एक मोठ्या आवाजाचे गृहस्थ बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. हे मी सोसायटीच्या सभेपासून सिनेमाच्या वर्गापर्यंत सगळीकडे पाहिलंय.

बनवणाऱ्यांनी गप्प बसायचं. हे सगळ्यांत अवघड. ‘नाही नाही, तो शॉट प्रतीकात्मक आहे’ असं तुम्ही समजावलंत की प्रतिक्रिया संपली. प्रत्येक घरात पडद्यासोबत तुम्ही जाणार आहात का?

आता वहीत काय आलं ते सांगतो.

एका लॉजच्या जेवणघरात महाराष्ट्रातून रामेश्वरला निघालेल्या यात्रेकरूंना दाखवलं. सुरुवात अशी होती: उंच मनोरा, दरबारातला सरफोजी राजांचा पांढरा संगमरवरी पुतळा, मागे नगारा, मग मोडी लिपीतलं एक पान आठ सेकंद, आणि निवेदन. ‘सिनेमा कशाबद्दल?’ याला सहापैकी पाच जणांनी लिहिलं: लढाया, मराठ्यांचा इतिहास. एकाने लिहिलं, शिवाजी महाराज आणि त्यांचे सावत्र भाऊ व्यंकोजी यांच्यातला वाद. भाषा कोणीच लिहिली नाही. नगाऱ्याने काम केलं होतं, फक्त दुसऱ्याच सिनेमाचं.

आणि ते मोडी पान! ‘काय दिसलं?’ याला तिघांनी लिहिलं, ‘तमिळ पुस्तक’. मुलांनी डोक्याला हात लावला. पण प्रेक्षकांचा काय दोष? मोडी वाचणारे महाराष्ट्रात तरी किती उरलेत? जे पान मराठीचा पुरावा म्हणून ठेवलं होतं, तेच परक्या भाषेचं वाटलं.

मग संध्याकाळी इथल्याच एका मराठी घराच्या ओसरीवर दाखवलं. आठ माणसं, तीन पिढ्या. इथे इतिहासाची अडचण नव्हती. चेहरे पाहणाऱ्या मुलीने लिहिलं: ‘1.35, सगळे थांबले.’ एक मिनिट पस्तीस सेकंदांवर निवेदनात वाक्य होतं, की राजांबरोबर आलेली मराठी आता इतिहासजमा झाली आहे. घरातल्या आजींनी कागदावर काही लिहिलं नाही. मराठी बोलता येते, लिहायची सवय नाही. बऱ्याच वेळाने त्या त्यांच्या मराठीत बोलल्या. मला समजलं ते असं: भाषा संपली म्हणता, मग मी आत्ता काय बोलतेय?

रात्री मुलांचं भांडण झालं. दिग्दर्शक मुलगा म्हणाला, आपला प्रेक्षक महाराष्ट्रातला आहे, एका आजींसाठी वाक्य का बदलायचं? सहाही यात्रेकरूंना ते वाक्य खटकलं नव्हतं. सहा विरुद्ध एक.

इथे माझं मत स्पष्ट आहे. प्रतिक्रिया म्हणजे मतदान नव्हे. यात्रेकरूंना ते वाक्य खटकणारच नाही, कारण ते त्यांच्याबद्दल नाही. ज्यांच्याबद्दल सिनेमा आहे त्यांना तो दाखवला नसता, तर ही चूक पाचशे लोकांना दाखवूनही सापडली नसती. किती जणांना दाखवलं यापेक्षा कोणाला दाखवलं हे आधी पाहा.

पण म्हणून प्रेक्षक म्हणेल ते करायचं असंही नाही. बिली वाइल्डरच्या ‘सनसेट बुलेव्हार्ड’चं उदाहरण घ्या. 1950 मध्ये आलेला हा सिनेमा आधी शवागारात सुरू होत होता. तिथली प्रेतं एकमेकांशी बोलतात, आपण कसे मेलो ते सांगतात. प्रदर्शनाआधी अमेरिकेतल्या इव्हॅन्स्टन गावात खेळ लावला, तर लोक हसायला लागले. गंभीर सिनेमा, आणि पहिल्याच प्रसंगाला हशा. वाइल्डरने ती सुरुवात काढून टाकली. आज आपण पाहतो तो सिनेमा पोहण्याच्या तलावात तरंगणाऱ्या प्रेतापासून सुरू होतो. मेलेला माणूसच गोष्ट सांगतोय, ही कल्पना त्याने सोडली नाही. हशाने त्याला दुखतंय कुठे ते सांगितलं. औषध त्याचं त्यालाच शोधावं लागलं.

आमच्याकडेही तसंच. ओसरीवरचे एक मामा म्हणाले, सरळ ग्रंथालयाचा इतिहास सांगा. यात्रेकरू म्हणाले, शिवाजी महाराजांचं चित्र टाका. दोन्ही सूचना वहीत आहेत, दोन्ही घेतल्या नाहीत. मात्र दुखणं खरं होतं: सिनेमा भाषेबद्दल आहे आणि पहिलं मराठी वाक्य ऐकू येतं ते एका मिनिटानंतर, तेही पुण्याच्या निवेदकाच्या तोंडून!

नगारा गेला. मोडी पानाच्या जागी बृहदीश्वर मंदिरातला शिलालेख आला. 1803 मध्ये सरफोजी राजांनी भोसले घराण्याचा इतिहास तिथे मराठीत कोरून घेतला, तो देवनागरीत आहे. कॅमेरा हळू सरकला की महाराष्ट्रातला माणूस नकळत वाचायला लागतो. आणि त्यावर आवाज हवा होता आजींचा.

त्यांचं ते वाक्य एका मुलाच्या फोनवर ध्वनिमुद्रित झालेलं होतं. टिपणं नीट व्हावीत म्हणून फोन चालू ठेवला होता. मुलं ते थेट वापरायला निघाली होती. मी अडवलं. प्रतिक्रिया द्यायला बसलेल्या माणसाने सिनेमात यायला होकार दिलेला नसतो. मुलं परत त्या घरी गेली, विचारलं. आजी चेहरा दाखवायला नाही म्हणाल्या, आवाजाला हो म्हणाल्या, पण ते रागातलं वाक्य नको. त्याऐवजी घरी रोज काय बोलतात ते बोलतील. मग स्वयंपाकघरात नातीला हाका मारतानाचा, चिंच भिजत घालायला सांगतानाचा आवाज मिळाला. तो त्या रागापेक्षा कितीतरी चांगला आहे.

एक गोष्ट राहिली. हा नवा कट जुन्या प्रेक्षकांना दाखवून उपयोग नाही. सुरुवात पहिल्यांदा एकदाच पाहता येते. दुसऱ्यांदा माणूस फक्त फरक शोधतो. म्हणून सगळे ओळखीचे पहिल्याच दिवशी संपवू नका, काही राखून ठेवा. काल यात्रेची दुसरी बस आली. सात जणांना नवी सुरुवात दाखवली. चौघांनी लिहिलं ‘भाषा’, दोघांनी ‘एका आजीची गोष्ट’. सातव्याने लिहिलं, ‘मराठ्यांच्या लढाया’. वहीत त्याच्यापुढे वेळ आहे 0.20. तिथे अजून तो मनोरा आहे, आणि दिग्दर्शक तो काढायला तयार नाही.