पाहुणे येण्याआधी

घरातल्या लग्नाचे फोटो कुठे ठेवले आहेत, असे आजीने विचारले की नातू सांगतो, ‘क्लाउडवर.’ आजी वर पाहते. वर पंखा फिरत असतो. हसण्यासारखे आहे खरे, पण आजीचे काही चुकलेले नाही. वस्तू आहे म्हणजे ती कुठेतरी ठेवलेली असणारच! आणि हा ढग आकाशात नसून जमिनीवर आहे. ऐरोली, महापे, चांदिवली या भागांत खिडक्या नसलेल्या, शेजारी भलेमोठे जनरेटर मांडलेल्या इमारती दिसतात. आत थंडगार दालनात लोखंडी रॅक असतात आणि स्वयंपाकघरातल्या ट्रॉलीसारखे त्यांत सर्व्हर सरकवलेले असतात. आपले फोटो, शाळेची फी, दवाखान्यातले केसपेपर, सारे अशाच कुठल्यातरी कप्प्यात असते.

गंमत पुढेच आहे. कप्प्यातला तो सर्व्हर सहसा एकट्याचा नसतो. त्याच्या पोटात तीस-चाळीस संगणक नांदत असतात. ते खरे नव्हेत. हायपरवायजर नावाच्या प्रोग्रॅमने उभे केलेले आभास. खऱ्या यंत्राला म्हणतात होस्ट, म्हणजे यजमान, आणि आभासी यंत्राला गेस्ट, म्हणजे पाहुणा. प्रत्येक पाहुण्याला वाटते, हा बंगला माझ्या एकट्याचा. शेजारच्या खोलीत कोण उतरले आहे हे त्याला कळत नाही, आणि कळू द्यायचेही नसते.

कल्पना जुनी आहे. अमेरिकेतल्या केंब्रिज गावी आयबीएमच्या अभियंत्यांनी १९६७ साली ‘सीपी-४०’ ही प्रणाली चालवून एकाच संगणकावर अनेक आभासी संगणक करून दाखवले. यंत्र इतके महाग, की वाटून घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. आपल्या पीसीतल्या चिपना मात्र ही विद्या जन्मतः अवगत नव्हती. १९९९ मध्ये व्हीएमवेअर कंपनीने ती सॉफ्टवेअरच्या हिकमतीने साधली. पुढे २००५ मध्ये इंटेलने आणि २००६ मध्ये एएमडीने चिपमध्येच तशी सोय केली. म्हणून नवा सर्व्हर आला की पहिले काम, ही सोय चालू आहे का ते पाहण्याचे. कित्येक यंत्रांत बायोसमधला तो एक पर्याय बंद करूनच येत असे. सगळे नीट बसवूनही पाहुणा उभा का राहत नाही, या शोधात रात्र घालवलेला अभियंता शोधायला या धंद्यात लांब जावे लागत नाही.

बाकीची तयारी एखाद्या व्यवहारी गृहिणीला सहज समजेल अशी. प्रणालीसाठी दोन डिस्क, एक दुसरीची हुबेहूब नक्कल. दोन नेटवर्क केबल, दोन वेगळ्या स्विचना जोडलेल्या. पाहुण्यांची वर्दळ, साठवणीची ने-आण आणि व्यवस्थापकांची ये-जा यांचे रस्ते वेगळे. घड्याळ बिनचूक लावलेले, कारण यजमानाची वेळ चुकली की पाहुण्यांच्या नोंदींचाही क्रम बिघडू शकतो. कामे कंटाळवाणी आहेत. खरा प्रश्न यानंतर येतो: या घरात माणसे घ्यायची किती?

गिरणगावातले गाळे आठवा. एका खोलीत वीस-वीस गिरणी कामगार राहत ते पाळ्यांच्या जोरावर. दिवसपाळीवाला उठला की त्याच जागी रातपाळीवाला पथारी टाकी. हिशेब चोख जमे. मात्र गिरणीला सुट्टी पडली की सगळे एकदम घरी, आणि पथाऱ्या गॅलरीत नाहीतर फुटपाथवर. क्लाउडचा धंदा बराचसा याच हिशेबावर चालतो. सगळ्यांना प्रोसेसर एकाच क्षणी लागत नाही, म्हणून आहे त्याहून जास्त वाटून टाकायचा. नासा आणि रॅकस्पेस यांनी २०१० मध्ये सुरू केलेल्या ओपनस्टॅक या खुल्या प्रणालीत कित्येक वर्षे, मुद्दाम काही बदलले नाही तर, प्रोसेसरचा एक कोअर सोळा जणांना देण्याची मुभा होती. मेमरी दीडपट वाटण्याची. आकडा खाली आणायचा की नाही, हे यजमान सिद्ध करणाऱ्याने ठरवायचे.

आणि मग दहावीच्या निकालाची दुपार येते. सारा महाराष्ट्र एकदम बटण दाबतो. ही गिरणीची सुट्टीच! प्रोसेसर कमी पडला तर सगळे हळू चालतात, एवढेच. मेमरीचे तसे नाही. ती अगदीच संपली की लिनक्स स्वतःचा जीव वाचवण्यासाठी एखादे मोठे बिऱ्हाड निवडून तडकाफडकी बंद करतो. केव्हीएम पद्धतीच्या यजमानावर अख्खा पाहुणा हे लिनक्सच्या लेखी असेच एक बिऱ्हाड. म्हणजे बळी जातो तो ज्याने रीतसर भाडे भरून सर्वांत जास्त जागा घेतली होती, बहुधा तोच. त्याच्या पोटात एखाद्या रुग्णालयाच्या नोंदी असल्या तर? शहाणा अभियंता यजमानासाठी थोडी मेमरी आधीच बाजूला काढतो, आणि जोखमीच्या कामाला ती जास्त वाटतच नाही. ग्राहकाने पहिला प्रश्न हाच विचारावा असे मला वाटते. दरपत्रकात सोयींची यादी लांबलचक असते. एका कोअरवर किती जण, हे क्वचितच लिहिलेले आढळते.

दुसरा प्रश्न भिंतींचा. २०१५ च्या मे महिन्यात ‘व्हेनम’ नावाचा दोष उघडकीस आला. पाहुण्यांसाठी आभासी यंत्रभाग पुरवणाऱ्या क्यूईएमयू या प्रोग्रॅममध्ये तो २००४ पासून दडून होता, आणि कुठे? फ्लॉपी ड्राइव्हचे सोंग वठवणाऱ्या भागात! क्लाउडमध्ये फ्लॉपी कोण घालणार? तरी माळ्यावरची ती अडगळ तशीच राहिली होती. काही प्रणालींत ड्राइव्ह बंद केल्यावरही तो भाग जागाच राही. तिथून पाहुण्याला भिंत फोडून यजमानाच्या घरात, आणि मग शेजाऱ्याकडेही, शिरता येण्याजोगे होते. यजमानावर लागेल तेवढेच ठेवायचे, हा नियम ऐकायला सोपा. माळा कुणी झाडायचा, हा प्रश्न उरतोच.

जानेवारी २०१८ मध्ये ‘मेल्टडाउन’ आणि ‘स्पेक्टर’ यांनी तर भिंतीच नव्हे, चिपचा पायाच पोकळ असल्याचे दाखवले. त्याच ऑगस्टमधल्या आणखी एका दोषानंतर, दोन पाहुण्यांनी एकच कोअर एकाच वेळी वापरणे धोक्याचे म्हणून काहींनी हायपरथ्रेडिंग बंद केले. त्यात यंत्राची क्षमता घटते, म्हणजे भाडेही घटते. ते सोसणारे चालक मला जास्त विश्वासाचे वाटतात.

दुरुस्ती म्हटली की यजमान बंद करून पुन्हा सुरू करणे बहुधा आलेच. त्याआधी पाहुण्यांना, त्यांना न कळता, दुसऱ्या यंत्रावर हलवायचे. हे ऐनवेळी जमत नाही. पहिल्या दिवशीच ठरवावे लागते. नवे यंत्र कितीही ताकदीचे असो, पाहुण्याला त्याच्या प्रोसेसरची जुन्या यंत्रात आहेत तेवढीच वैशिष्ट्ये दाखवायची. नाहीतर नव्या घरात राहिलेला माणूस जुन्या घरात परत नेता येत नाही.

नवी मुंबईतल्या एका केंद्रात मी अशी एक रात्र पाहिली आहे. दोन वाजले होते. तिथला तरुण अभियंता चहा थंड होऊ देत पडद्यावरचा आकडा पाहत होता. अडतीस. बावीस. नऊ. एक पाहुणा बराच वेळ हलेना. त्याची मेमरी पाठवून होण्याआधीच बदलत होती. अखेर तोही गेला. मुलाने शून्याची दोनदा खात्री केली आणि मगच रीस्टार्टची आज्ञा दिली.