गुठळी विरघळते तेव्हा

बालाघाट जिल्ह्यातील आमचे तिरोडी मँगनीजच्या खाणींसाठी ओळखले जाते. तेथे राहणाऱ्या माझ्या मामांच्या छातीत २००९ च्या पावसाळ्यात एका पहाटे कळ आली. मामीने ओवा-सैंधव दिले, पाठ चोळली. उजाडल्यावर जीप मिळाली, पुढे नागपूरचा रस्ता. इंजेक्शन टोचले तेव्हा कळ सुरू होऊन सात तास उलटले होते. मामा वाचले, पण हृदयाच्या स्नायूचा एक भाग कायमचा निकामी झाला. "हेच औषध तासाभरात मिळाले असते तर!" असे डॉक्टर म्हणाले. ते औषध म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज. त्याची जन्मकथा मी नंतर मुद्दाम शोधून वाचली.

ती सुरू होते अमेरिकेत, बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात. विल्यम टिलेट हे तेथे घसा सुजविणाऱ्या मालागोलाणूंचा, म्हणजे स्ट्रेप्टोकॉकस जंतूंचा, अभ्यास करीत होते. हे जंतू रक्तद्रवात टाकले की त्यांचे पुंजके होतात, पण रक्तरसात होत नाहीत, असे त्यांना दिसले. रक्तरसात फायब्रिनोजेन नसते. तेव्हा जंतू हे फायब्रिनोजेन स्वतःवर ओढून घेत असावेत आणि म्हणून जंतू घातलेला रक्तद्रव साकळणार नाही, असा तर्क त्यांनी बांधला. परीक्षानळ्यांत कॅल्शियम घातले. सगळ्याच नळ्या साकळल्या! तर्क साफ चुकला. परंतु नळ्या धुवायला न टाकता त्यांनी काही वेळाने पुन्हा पाहिल्या, तो जंतू असलेल्या नळ्यांतील गुठळ्यांचे पाणी झालेले. १९३३ मध्ये टिलेट व त्यांचे सहकारी गार्नर यांनी हे निरीक्षण प्रसिद्ध केले. सशाच्या रक्ताची गुठळी मात्र या जंतूंना दाद देत नव्हती. केवळ सशांवर प्रयोग झाले असते तर हा शोध कदाचित निसटलाच असता.

आता हे घडते कसे? जंतूंतून पाझरणारा पदार्थ गुठळी स्वतः फोडतो, अशी आरंभी समजूत होती. १९४१ मध्ये मिल्स्टोन यांनी दाखविले की माणसाच्या रक्तातील एक घटक जवळ नसेल तर हा पदार्थ काहीच करू शकत नाही. १९४५ च्या सुमारास क्रिस्टेन्सेन यांच्या कामातून उलगडा झाला. आपल्या रक्तात प्लाझ्मिनोजेन नावाचे प्रथिन निद्रिस्त असते. स्ट्रेप्टोकायनेज त्याला जाऊन चिकटते आणि त्याचे प्लाझ्मिन या विकरात, म्हणजे एंझाइममध्ये, रूपांतर घडविते. फायब्रिनचे धागे कातरते ते प्लाझ्मिन. तेव्हा नावात 'कायनेज' असले तरी स्ट्रेप्टोकायनेज हे स्वतः विकर नव्हे. ते चोराशी झुंजत नाही, घरात झोपलेल्या पहारेकऱ्याला उठविते. (परीक्षेत येथे हमखास चूक होते, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.)

पहिला वैद्यकीय उपयोग हृदयासाठी नव्हताच. १९४९ मध्ये टिलेट आणि सोल शेरी यांनी फुप्फुसाच्या आवरणात साकळलेले रक्त व पू पातळ करण्यासाठी ते वापरले. शिरेतून देताना अशुद्ध औषधाने ताप येई, रक्तदाब घसरे. शुद्धीकरण सुधारल्यावर १९५८ च्या सुमारास शेरी व फ्लेचर यांनी ते हृदयविकाराच्या रुग्णांना दिले. पण पुढची वीसेक वर्षे मतभेदांतच गेली. झटक्याच्या वेळी रोहिणीत गुठळी असतेच का, की ती नंतर होते, याविषयीच एकमत नव्हते. १९८० मध्ये डीवुड यांनी झटका आल्यानंतर पहिल्या काही तासांतच रुग्णांच्या रोहिण्यांची क्ष-किरण चित्रे घेतली. बहुतेकांची रोहिणी पूर्ण बंद!

मग इटलीत ११,८०६ रुग्णांवर चाचणी झाली. १९८६ च्या तिच्या निष्कर्षांत मला माझ्या प्रश्नाचे उत्तर सापडले. पहिल्या तासात औषध मिळालेल्यांत मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले होते, तर सहा तासांनंतर फारसा लाभ दिसला नाही. १९८८ च्या दुसऱ्या प्रचंड चाचणीत १७,१८७ रुग्ण होते. तासाभरात १५ लाख एकक स्ट्रेप्टोकायनेज व जोडीला महिनाभर साधी ॲस्पिरिन, एवढ्याने मृत्यूचे प्रमाण १३.२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले.

आपल्याकडे चंडीगढच्या सूक्ष्मजीव तंत्रज्ञान संस्थेत गिरीश साहनी व सहकाऱ्यांनी स्ट्रेप्टोकायनेजचे देशी तंत्र विकसित केले. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने टेनेक्टेप्लेज हे पुढच्या पिढीचे औषध बनविले. ते मुख्यतः गुठळीपाशीच काम करते आणि एका टोचणीत देता येते. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका मात्र दोन्ही औषधांत असतोच, म्हणून हृदयालेख पाहिल्याशिवाय ती देत नाहीत. पण हृदयालेख वाचणारा तज्ज्ञ खेड्यात कोठून आणायचा? गोव्याने २०१८-१९ पासून यावर उपाय केला. छोट्या आरोग्यकेंद्रात काढलेला आलेख दूरवरचा तज्ज्ञ काही मिनिटांत वाचतो, इंजेक्शन तेथेच देतात आणि मग रुग्णाला बांबोळीला हलवितात. रुग्णाने औषधाकडे जाण्याऐवजी औषधच रुग्णाकडे येते. हीच सोय तिरोडीजवळ असती तर मामांचे ते सात तास किती उरले असते, याचा हिशेब मी अनेकदा केला आहे.

मामा अजून एक चिठ्ठी खिशात बाळगतात. तिच्यावर 'स्ट्रेप्टोकायनेज' आणि तारीख लिहिली आहे. शरीर या परक्या प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे तयार करते, म्हणून ते सहसा दुसऱ्यांदा देत नाहीत. मामींनी तिला प्लास्टिकचे वेष्टण घातले आहे, पावसात भिजू नये म्हणून.